३० स्टेडियमं एका सीझनमध्ये होतात, पण आधी तो नकाशा मिटवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जर्सी सिटीत राहता, एच-वन-बी व्हिसावर आहात, वर्षाला १५ दिवस रजा मिळते, बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी असेल, आणि मेजर लीग बेसबॉलची तीसच्या तीस स्टेडियमं एकाच सीझनमध्ये बघायची आहेत. त्यासाठी तुम्ही सगळी शहरं नकाशावर टाकून कमीत कमी मैलांचा रस्ता काढलात आणि विचारताय की एवढं ड्रायव्हिंग झेपेल का.

ड्रायव्हिंग झेपेल हो. पण त्या रस्त्याने निघालात तर निम्म्या गावांत दाराला कुलूप दिसेल.

प्रत्येक टीम सीझनमध्ये १६२ मॅचेस खेळते. ८१ घरच्या मैदानावर, ८१ बाहेर. टीम ३०, म्हणजे कुठल्याही दिवशी फार तर पंधरा स्टेडियमं चालू. सोमवारी आणि गुरुवारी त्याहून कमी, कारण बऱ्याच टीमचा प्रवासाचा किंवा विश्रांतीचा दिवस तेव्हाच येतो. त्यात जुलैच्या मध्यात ऑल-स्टार मॅचसाठी तीन-चार दिवस सगळ्या लीगला सुट्टी. तुमचा नकाशा गृहीत धरतो की शहर जागेवर आहे म्हणजे मॅचही आहे. इथे शहरं जागेवर असतात, टीम नसते. त्यामुळे हे काम नकाशापेक्षा पंचांगाचं आहे. आधी तारखा जुळवायच्या, मग मैल मोजायचे.

मी हे दोनदा केलंय. पहिली फेरी रमतगमत आठ-नऊ वर्षांत झाली, दुसरी २०२३ च्या एकाच सीझनमध्ये. खाली लिहितोय ते बहुतेक सगळं दुसऱ्या फेरीत ठेचा खाऊन शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एक साधी एक्सेल शीट करा. उभ्या रकान्यात ३० टीम, आडव्यात तारखा, आणि टीम घरी असेल तो खण रंगवा. वेळापत्रक आदल्या वर्षीच जाहीर होतं, त्यामुळे हिवाळ्यात हे काम निवांत करता येतं. खण रंगवून झाले की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: टीम एकेक मॅच घरी खेळून बाहेर जात नाही. सलग सहा ते दहा दिवस घरी, मग तेवढेच दिवस बाहेर, असे पट्टे दिसतात. घरच्या पट्ट्याला होमस्टँड म्हणतात. तुमची सगळी करामत या पट्ट्यांच्या कडांवर आहे.

कडांवर म्हणजे काय ते शिकागोच्या उदाहरणाने सांगतो. शिकागोत दोन टीम आहेत, कब्ज आणि व्हाइट सॉक्स, आणि तासा-दीड तासावर मिलवॉकी. एका शहरातल्या दोन टीम शक्यतो एकाच वेळी घरी नसतात, म्हणजे नुसता शनिवार-रविवार धरला तर दोन्ही हाती लागणं अवघड. पण कब्जचा पट्टा रविवारी संपतो आणि व्हाइट सॉक्सचा सोमवारी सुरू होतो, असे दोन-तीन आठवडे सीझनमध्ये सापडतात. त्यांतला जो मिलवॉकीशी जुळेल तो उचला. शनिवारी कब्जचं रिगली फील्ड, रविवारी मिलवॉकी, सोमवारी संध्याकाळी व्हाइट सॉक्स, रात्रीचं किंवा मंगळवारी पहाटेचं विमान. एका रजेत तीन स्टेडियमं. मिलवॉकीला अ‍ॅमट्रॅकची रेल्वे दीड तासात पोहोचवते, गाडी भाड्याने घ्यायची गरज नाही. हीच युक्ती लॉस एंजेलिस आणि अ‍ॅनाहाइमला लागते आणि तुमच्या दारातल्या न्यूयॉर्कच्या यँकीज-मेट्सनाही.

दुसरी गोष्ट, अवघड शहरं आधी बसवा. लोक उलट करतात. जवळची सहा एप्रिल-मेमध्ये उरकतात आणि मग ऑगस्टमध्ये लक्षात येतं की सिअ‍ॅटल आणि डेन्व्हरचे पट्टे आपल्या रजेशी जुळतच नाहीत. न्यूयॉर्कची दोन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि बॉस्टन ही तुमची घरची शिल्लक आहे. ती कधीही काढता येते, म्हणून शेवटपर्यंत राखून ठेवा. डेन्व्हरला मात्र शेजारी नाही. सगळ्यांत जवळचं स्टेडियम कॅन्सस सिटीचं, तेही ६०० मैलांवर. सिअ‍ॅटलचंही तेच. ही दोन आधी शीटवर पक्की करा आणि त्यांच्याभोवती बाकीचा पश्चिम दौरा विणा.

आणि या दोघांच्याही आधी टोरँटो. ३० पैकी एकच स्टेडियम अमेरिकेबाहेर आहे आणि भारतीय पासपोर्टवाल्यांची गाडी नेमकी तिथेच अडते. कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा तिघांनाही लागेल. ग्रीन कार्ड असतं तर लागला नसता. अर्ज आजच करा, तारीख नंतर ठरवा. पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीच्या वकिलांशी बोला. हे मॅचच्या आदल्या आठवड्यात विचारायचं काम नव्हे. माझ्या ओळखीच्या एकाची २९ झाली आणि टोरँटो राहिलं. अजून राहिलंच आहे.

आता हिशोब. सीझनमध्ये साधारण २६ वीकेंड असतात. यँकीज आणि मेट्स ऑफिस सुटल्यावर मधल्या वारी होतात, ट्रेननेच. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टनमध्ये चाळीसेक मैल आहेत, ती दोन एका वीकेंडला. फिलाडेल्फिया, बॉस्टन, टोरँटो, सिनसिनाटी, मिनियापोलिस आणि अटलांटा यांना एकेक वीकेंड, रजा शून्य. पिट्सबर्ग-क्लीव्हलंड-डेट्रॉइट ही तीन मेअखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला एक रजा जोडून होतात, गाडीनेच. शिकागो-मिलवॉकीला एक रजा, सेंट लुइस-कॅन्सस सिटीला एक, मायामी आणि टँपा बे मिळून एक, टेक्सासमधल्या ह्यूस्टन-आर्लिंग्टनला एक. झाल्या पाच. उरली पश्चिमेकडची आठ: फीनिक्स, सॅन डिएगो, अ‍ॅनाहाइम, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सॅक्रामेंटो, सिअ‍ॅटल आणि डेन्व्हर. त्यांना सलग दोन आठवडे द्या. मध्ये ४ जुलैची सुट्टी येईल असं बघितलंत तर नऊ रजा. एकूण चौदा. वीकेंड गेले पंधरा.

म्हणजे रजेचा एक दिवस शिल्लक राहतो. तो पावसाचा. त्याला हात लावू नका.

पाऊस हा या छंदातला खरा सावकार आहे. नियम असा, की नवापैकी पाच इनिंग पूर्ण झाल्या तर मॅच अधिकृत धरतात. त्याआधी पावसाने थांबली तर नंतर तिथूनच पुढे खेळवतात आणि तुमचं तिकीट सहसा त्या नव्या तारखेला चालतं. ऐकायला बरं वाटतं. आम्ही सिनसिनाटीला होतो. ओहायो नदीकाठचं मैदान, रविवारी सकाळी सातचं परतीचं विमान. शनिवारी संध्याकाळी तिसऱ्या इनिंगला नदीपलीकडून आभाळ काळं झालं. मैदानावरची पंधरा-वीस पोरं धावत गेली आणि ती अगडबंब ताडपत्री ओढायला लागली. तिच्याखाली वारा शिरला की ती होडीच्या शिडासारखी फुगते आणि कोपरा धरलेला पोरगा दोन पावलं फरपटत जातो. गर्दी त्यालाही टाळ्या वाजवते. आम्ही दोन तास चाळीस मिनिटं वरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे. मग घोषणा झाली: आजची मॅच इथेच थांबवतोय, उद्या दुपारी ती पूर्ण करून मग उद्याची खेळवू. तिकीट चालणार होतं, आम्ही नव्हतो. बायको म्हणाली, "पाऊसच बघायचा होता तर इगतपुरी काय वाईट होती?" आम्ही मूळचे नाशिकचे, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नव्हती.

तेव्हापासून दोन नियम केले. उघड्या मैदानाला लांबून जायचं असेल तर शुक्रवार-शनिवारचं गणित मांडायचं आणि रविवार राखीव ठेवायचा. आणि छपराची स्टेडियमं एप्रिलमध्ये उरकायची. उघडझाप होणारं छप्पर सात ठिकाणी आहे: टोरँटो, मिलवॉकी, ह्यूस्टन, आर्लिंग्टन, मायामी, फीनिक्स आणि सिअ‍ॅटल. सिअ‍ॅटलचं फक्त छत्रीसारखं वर येतं, बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे गारवा झोंबतोच. एप्रिलमध्ये उत्तरेकडे बर्फही पडू शकतो, तेव्हा उघड्यावर बसून सात वर्षांच्या मुलीचे ओठ निळे करण्यापेक्षा ह्यूस्टन-आर्लिंग्टन करून घ्या. फीनिक्स मात्र जुलैतही चालतं, आत एसी असतो. सॅन फ्रान्सिस्कोला जुलैत जाताना स्वेटर घ्या. माझ्यावर विश्वास नसेल तर तिथल्या दुकानात घ्यावा लागेल, तिप्पट किमतीला.

रविवारची आणखी एक गंमत लक्षात ठेवा. दुपारची म्हणून छापलेली मॅच टीव्हीसाठी संध्याकाळवर ढकलली जाऊ शकते, तीही थोड्याच दिवसांच्या सूचनेने. रविवारी संध्याकाळचं विमान काढलंत की ही ठेच लागणारच. त्याऐवजी बुधवार-गुरुवारची दुपार शोधा. बाहेरच्या टीमला पुढच्या गावी जायचं असतं, म्हणून मालिकेतली शेवटची मॅच बऱ्याचदा दुपारी ठेवतात. गर्दी कमी, तिकीट स्वस्त. पश्चिम दौऱ्यात या दुपारी फार कामी येतात.

तुमच्या प्रश्नात एक उपप्रश्न होता, एका दिवसात दोन स्टेडियमं करावीत का. २०२३ पासून पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लावलंय. बेसवर, म्हणजे धावणाऱ्यांच्या थांब्यांवर, कुणी नसेल तर पंधरा सेकंद. त्याने मॅचची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. त्यामुळे दुपारी एकला यँकी स्टेडियम, तिथून ४ नंबरची ट्रेन ग्रँड सेंट्रलला, मग ७ नंबरने मेट्सचं सिटी फील्ड, संध्याकाळी सातची मॅच, हे आता आरामात जमतं. मी केलंय, एकट्याने. मुलीला घेऊन करू नका. चौदाव्या इनिंगला ती तुमच्याकडे ज्या नजरेने बघेल ती पुढची दहा वर्षं लक्षात राहील.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. "बघितलं" कशाला म्हणायचं? कट्टर लोक पहिल्या चेंडूपासून शेवटच्या आउटपर्यंत बसल्याशिवाय खूण करत नाहीत. काहीजण नुसती स्टेडियम टूर घेऊन आकडा वाढवतात, ते मला पटत नाही. माझा नियम निदान सहा इनिंग आणि वरच्या मजल्यावरून एक पूर्ण प्रदक्षिणा. तुम्ही तुमचा ठरवा, पण निघण्याआधी ठरवा. भर पावसात ठरवायला बसलात की नियम आपोआप सैल होतो. यादीसुद्धा स्थिर नसते. ओकलंडची टीम २०२४ नंतर गाव सोडून सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानावर गेली, पुढे लास व्हेगसला जायचं म्हणून. टँपा बेच्या घुमटाचं छप्पर ऑक्टोबर २०२४ च्या चक्रीवादळात फाटलं आणि २०२५ चा सीझन ती टीम दुसऱ्याच मैदानावर खेळली. माझी तीस झाली होती, तरी २०२५ मध्ये दोन नव्याने करावी लागली. तक्रार नाही, निमित्तच मिळालं.

कुठे जास्त वेळ द्यायचा? सगळी तीस सारखी नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांत बऱ्याच शहरांनी अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल दोन्हींसाठी गोल काँक्रीटच्या परड्या बांधल्या. १९९२ मध्ये बाल्टिमोरने कॅम्डन यार्ड्स बांधलं, शहराच्या मधोमध, जुन्या रेल्वे गोदामाची विटांची भिंत तशीच ठेवून, आणि मग पुढची वीस वर्षं सगळे तसंच बांधायला लागले. त्यामुळे बाल्टिमोर आधी बघितलंत तर पुढची बरीच स्टेडियमं कुठून आली ते कळतं. पिट्सबर्गला मॅचच्या दिवशी रोबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो आणि लोक चालत नदी ओलांडून मैदानावर येतात. तुम्हीही पलीकडच्या काठाला उतरून चालत या. याच क्लबने २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं होतं, हे मुलीला सांगायला बरं.

बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं. डावीकडे ३७ फूट उंच हिरवी भिंत. ग्रँडस्टँडमधल्या निळ्या लाकडी खुर्च्या १९३४ च्या आहेत आणि त्या काळच्या माणसांच्या मापाच्या आहेत, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. छताला आधार देणारे लोखंडी खांबही तिथेच उभे. मी पहिल्यांदा स्वस्तात मिळालं म्हणून तिकीट काढलं आणि तीन तास एका हिरव्या खांबाच्या डावी-उजवीकडून पिचर बघितला. "ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा. रिगली १९१४ चं. भिंतीवरची वेल आणि हाताने आकडे बदलायचा स्कोअरबोर्ड, दोन्ही १९३७ पासून. फ्लडलाइट्स तिथे १९८८ मध्ये आले, म्हणून ते दुपारीच बघावं असं माझं मत. डेन्व्हरला वरच्या मजल्यावर जांभळ्या खुर्च्यांची एक रांग आहे, ती बरोबर समुद्रसपाटीपासून एक मैलावर. तिथे बसवून मुलीचा फोटो काढा. स्वस्त जागा आहे आणि डोंगरही दिसतात.

सिटी फील्डमध्ये मी पहिलं पाऊल टाकलं ते मात्र बेसबॉलसाठी नव्हतंच. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि शेन वॉर्नच्या टीम तिथे खेळल्या, मग ह्यूस्टनला आणि मग डॉजर स्टेडियमवर, बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवून. तिन्ही मॅच वॉर्नच्या टीमने जिंकल्या. न्यूयॉर्कला कुणाला पर्वा होती? "सचिन, सचिन" ऐकून स्टेडियमचे कर्मचारी एकमेकांकडे बघत होते.

तिकिटांचं थोडक्यात. शनिवार आणि मोठ्या टीम सोडल्या तर मॅचच्या दिवशी सकाळी पुनर्विक्रीत भाव उतरतात. विमानाचं आधी काढा, मॅचचं शेवटी. तिकीट १५ डॉलरला आणि पार्किंग ४० ला, हे माझ्या बाबतीत झालंय, तेव्हा ट्रेन असेल तिथे ट्रेनच. दुपारच्या मॅचला तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, म्हणजे बॅटरच्या मागून बघितलं तर डावीकडे. बॅटरच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन येऊ नये म्हणून बहुतेक मैदानं पूर्व-ईशान्येकडे तोंड करून आखलेली असतात, त्यामुळे सावली तिसऱ्या बेसकडे आधी सरकते. घरचं खाणं बऱ्याच ठिकाणी पारदर्शक पिशवीतून नेऊ देतात, पण नियम प्रत्येक क्लबचा वेगळा आणि पाठीवरची सॅक अनेक दारांवर अडवतात. आदल्या रात्री वेबसाइट बघा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यावर आमची निम्मी अमेरिका झाली. एका गेटवर सुरक्षारक्षकाने चटणीची पुडी तीनदा हुंगली आणि शेवटी चिमूटभर मागून घेतली.

मुलीसाठी. सातव्या वर्षी तिसऱ्या इनिंगला कंटाळा येणारच. डेट्रॉइटला आतच फिरता पाळणा आहे, मिलवॉकीला सहाव्या इनिंगला सॉसेजच्या वेषातले पाच जण शर्यत लावतात, आणि बऱ्याच ठिकाणी रविवारी मॅच संपल्यावर मुलांना बेसवरून धावू देतात. पण सगळ्यांत चालली ती स्कोअरची वही. प्रत्येक खेळाडूच्या जागेला नंबर असतो, पिचर १, कॅचर २, असं ९ पर्यंत. शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या ६ नंबरने, चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून पहिल्या बेसवर गेला, की लिहायचं ६-४-३, दोन आउट. बॅट फिरवली, चेंडू हुकला आणि आउट झाला तर के, नुसता बघत उभा राहून आउट झाला तर उलटा के. माझ्या भाचीला खेळ कळला नव्हता तेव्हाही उलटा के काढायला मिळावा म्हणून ती पिचरच्या नावाने ओरडायची.

एक शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही तरी. वरच्या हिशोबात पंधराच्या पंधरा दिवस संपतात. म्हणजे त्या वर्षी भारतात जाणं नाही, आणि आई-वडील इकडे येणार असतील तर त्यांनाही बाल्टिमोरच्या रणरणत्या उन्हात बसवावं लागेल. आम्ही २०२३ मध्ये गणपतीला गेलो नाही आणि ते वर्षभर ऐकलं. तुमच्या जागी मी असतो तर तिघांसाठी घरची सहा, पिट्सबर्गची तिकडी, शिकागोची तिकडी आणि कॅलिफोर्निया एवढं ठेवलं असतं, आणि सेंट लुइस, सिनसिनाटी, मिनियापोलिससारखे वीकेंड एकट्याने केले असते. बायकोला विचारा, ती बहुतेक हसून हो म्हणेल.

टोरँटोच्या व्हिसाचा अर्ज भरला की शीट पाठवा. एप्रिलचे रकाने मी बघून देतो, ह्यूस्टन-आर्लिंग्टन कुठे बसतं ते.